काकूंची राखीव बरणी

१

बुधवारी दुपारी सव्वा वाजता शिंप्याने जेवायला डबा सोडला, टोमॅटो सॉसच्या बरणीचे झाकण फिरवले, आणि पुढच्या क्षणी नऊ पांढरे डगले लाल झाले.

डगले दवाखान्यातल्या डॉक्टरांचे होते. काजे-बटणे झालेले, इस्त्री केलेले, टेबलावर ओळीने मांडून ठेवलेले. बरणीतून फस्स असा आवाज झाला, सॉस पंख्याच्या पात्यापर्यंत उडाला आणि पंख्याने तो सगळ्यांना सारखा वाटला. शिंप्याने तोंडसुद्धा पुसले नाही. बरणी पिशवीत घातली आणि होता तसा खाद्य तपासणी कार्यालयात येऊन उभा राहिला. दारावरच्या शिपायाने त्याचा सदरा पाहिला आणि धावत जाऊन प्रथमोपचाराची पेटी आणली.

“मला काही झालेलं नाही,” शिंपी म्हणाला. “मला तक्रार लिहायची आहे. रविवारी बाजारातून बरणी घेतली, कपाटात ठेवली, आज पहिल्यांदा हात लावला. आणि लिहून घ्या, भरलेलीही पूर्ण नव्हती.”

तक्रार नव्या तपासनीसबाईंच्या टेबलावर आली. बाई म्हणायचे एवढेच, वय चोवीस. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिला इथे लागून तीन महिने झाले होते. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या ती पर्समध्ये घेऊन हिंडायची आणि कॅन्टीनच्या चहातही बुडवून पाहायची, म्हणून साहेबांनी तिचे नाव ‘प्रयोगशाळा’ ठेवले होते.

“प्रयोगशाळा, हे काम सोपं आहे,” साहेब म्हणाले. “लेबलावर घरगुती परवान्याचा नंबर आहे. सॉस फसफसला म्हणजे एकतर नीट उकळला नाही, नाहीतर आंबटपणा कमी पडला. शुक्रवारी पाचपर्यंत अहवाल द्या. परवाना रद्द करून टाकू.”

“एकदम रद्द? समज वगैरे नाही?”

“चूक नक्की काय ते कळलं आणि ती सुधारण्यासारखी असली, तर समज. नाहीतर रद्द, आणि पुढची दोन वर्षं अर्ज करायचा नाही. अहो, घरच्या शेगडीवर शिजवून लोकांना विकायची परवानगी आपण देतो ती विश्वासावर. तिथे रोज बघायला कोण जातंय?”

तिने बरणीच्या तळाशी उरलेल्या सॉसमध्ये पट्टी बुडवली. नियमाप्रमाणे पीएच साडेचारच्या वर जाता कामा नये. आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. पट्टीचा रंग चारच्या चौकोनाशी जुळला.

“साहेब, आंबटपणा व्यवस्थित आहे.”

“मग उकळला नसेल.”

“किंवा...” ती म्हणाली. पट्टी तिने फेकून दिली नाही, वहीत चिकटवून ठेवली.

२

परवाना ज्यांच्या नावे होता त्या बाईंना सगळी गल्ली सॉसकाकू म्हणे. तळमजल्यावरचे घर, त्यातले स्वयंपाकघर लांबट आणि इतके लख्ख की गुरुवारी सकाळी तपासनिसाने दारातच चपलांकडे दोनदा पाहिले. भिंतीवर परवान्याचे सगळे नियम मोठ्या अक्षरात उतरवून लावलेले होते.

“आधी सांगा, कुणाला काही झालं का?” काकूंनी विचारले. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत धुतलेले.

“माणसांना नाही, काकू. डगल्यांना झालं.”

सगळी हकीकत ऐकून काकू स्टुलावर बसल्या. मग उठल्या आणि न विचारता सगळी कृती सांगू लागल्या. टोमॅटो किती, व्हिनेगर मापाने किती, कढईत किती वेळ. गरम सॉस बरणीत भरायचा, झाकण लावायचे, आणि बंद बरण्या पुन्हा वीस मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवायच्या. घड्याळ लावून. मग झाकणावर चौकड्याची कापडी टोपी दोऱ्याने बांधायची. टोपीची झालर बरणीच्या गळ्याखाली उतरत होती, दिसायला गोड.

“हा सतरावा घाणा. महिन्यापूर्वी केला, चाळीस बरण्या. शिंप्याची त्यातलीच.” काकूंचे बोट फळीकडे गेले. तेरा बरण्या उरल्या होत्या. डाव्या टोकाची एक जरा वेगळी उभी होती आणि तिच्याखाली फळीच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती : राखीव, विकायची नाही.

“प्रत्येक घाण्यातली एक बाजूला ठेवायची, तक्रार आली तर तुमच्यासाठी. नियम चार,” काकू म्हणाल्या.

“चिठ्ठी फळीला का? बरणीला नाही लावली?”

“बरणीला लावली तर लेबल झाकलं जातं. लेबल झाकायचं नाही. नियम सहा.”

तपासनिसाने फळीवरच्या बरण्यांच्या टोप्या एकेक करून सोडल्या आणि पट्टीने मापे घेतली. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या, केसाचाही फरक नाही. मग राखीव बरणी हातात घेऊन झाकण फिरवले. टक् असा स्वच्छ आवाज आला. सॉसला वास छान. पट्टीचा रंग चारचाच.

“वाजलं ना?” काकूंचा चेहरा जरा उजळला. “दर शनिवारी वाजतं. नियमात लिहिलंय, राखीव बरणीची आम्लता नोंदलेली असावी. पट्ट्या नव्हत्या तोवर मी कढईतलाच सॉस चाखून जिभेवर भागवत होते. महिन्यापूर्वी सूनबाईने पट्ट्या आणून दिल्या, तेव्हापासून चार शनिवार झाले, मी स्वतः उघडते, चमचाभर बशीत काढते, पट्टी बुडवते, वहीत लिहिते. पण झाकण एकदा ढिलं निघालं असेल तर शपथ.”

तपासनीस वहीतल्या चार नोंदी पाहत होती तेवढ्यात काका आत आले. चौतीस वर्षे औषधांच्या गोदामात भांडारपाल होते, आणि तो माणूस फळीजवळून गेला की दिसायचेच. बोलता बोलता त्यांनी सगळी लेबले समोर वळवली.

“तिचं खातं शेगडी, माझं खातं फळी आणि रविवारचा बाजार,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं संसार टिकला तो याच्यावर. दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही.”

“शनिवारी तुम्ही घरी असता?”

“शनिवारी सकाळी बाजारात, जागा धरायला. रविवारी पहाटे ही अंघोळीला गेली की पेटी भरतो. गोदामात विचारा, माझ्या फळीवर एक गोळी कधी शिळी झाली नाही. राखीव साठासुद्धा कायम ताजा.”

“ह्यांना गोदामाचं विचारू नका, संध्याकाळ होईल,” काकू म्हणाल्या. मग आवाज उतरला. “मुली, एक सांगू? घर ह्यांच्या नावावर, वीज ह्यांच्या नावावर, फोन मुलाच्या नावावर. एकसष्ट वर्षांत माझ्या नावाने घरात आलेला हा पहिला कागद.”

भिंतीवर, नियमांच्या वर, परवाना चौकटीत बसवलेला होता.

तपासनीस खिडकीपाशी उभी राहून हिशेब जुळवत होती. “काकू, सॉस फसफसतो तो यीस्टमुळे. यीस्ट आंबटातही वाढतं, पण वीस मिनिटांच्या उकळीत जगत नाही. म्हणजे ते आत गेलं ते नंतर. शिंप्याच्या आधी ती बरणी कुणीतरी उघडली होती.”

“यीस्ट?” दारातून आवाज आला. कामावर निघालेली सून खांद्याला पर्स लावून उभी होती. “यीस्ट हवं असेल तर लांब जायला नको. भिंतीपलीकडे किलोने मिळतं.”

३

सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि तिचे बोलणेही तसेच होते, भूल न देता.

“मला हे स्वयंपाकघर परत मिळालं तर आवडेल का? आवडेल,” रस्त्यापर्यंत चालताना ती म्हणाली. “विक्रीचं शिजत असताना घरचं शिजवायचं नाही, असा तुमचा नियम. म्हणून सोमवार-बुधवार आम्ही स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसतो आणि बाहेरून मागवून खातो. नवरा म्हणतो, आईच्या हातचं खायचं तर बाजारात जाऊन विकत घ्यावं लागेल.”

“मग रागाच्या भरात...”

“मॅडम, झाकणं उघडून ठेवायची असती तर पट्ट्या कशाला आणून दिल्या असत्या? मला आईंचा त्रास होतो. आई मला आवडतात. दोन्ही एका वेळी होऊ शकतं. तुमचं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग राहू द्या.”

भिंतीपलीकडे पाववाली राहत होती. तिच्याकडेही घरगुती परवाना होता, साध्या पावाचा. रविवारच्या बाजारात दोघींची टेबले शेजारी-शेजारी, आणि कोणाचे टेबल कोपऱ्यावर यावे यावरून गेले वर्षभर दोघींचे बोलणे बंद. बोलणे बंद म्हणजे एकमेकींशी बंद. एकमेकींबद्दल दोघी भरपूर बोलत.

पाववालीने दार उघडले ते नाकाला रुमाल लावूनच.

“लांब उभ्या राहा. शनिवारपासून पडसं आहे. रविवारी बाजारातही गेले नाही. शिंकत पाव विकायचा नाही, नियम नऊ. आम्हीपण नियम पाळतो म्हटलं, भिंतीवर नाही लावत फक्त.”

“काकूंच्या सॉसबद्दल कानावर आलं असेलच.”

“आलं की. गल्लीत दुसरं बोलतंय कोण? यीस्टचंही आलं. सूनबाईचा आवाज भिंतीला जुमानत नाही.” पाववाली खाटेवर टेकली. “माझ्या यीस्टचा डबा कुलपात असतो. आणि तिच्या बरण्यांत कालवायला मी रविवारी होते कुठे?”

“आधी कधी त्यांचा सॉस घेतला होता?”

“मी? तिचा? जिभेला लावलेला नाही. आणि लावावा असं त्यात आहे काय? बरण्यासुद्धा गळ्यापर्यंत भरत नाही. चमचाभर हातचं राखूनच भरते ती. स्वभाव तसा भरणा.”

तपासनिसाने मान हलवली, आभार मानले, आणि रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. वहीत तिने दोन ओळी लिहिल्या. फळीवरच्या तेराही बरण्या काठोकाठ भरलेल्या आहेत. आणि टोपीची झालर गळ्याखाली येत असल्यामुळे, टोपी सोडल्याशिवाय सॉस कुठवर आहे हे दिसतच नाही.

शिंप्याची बरणी पूर्ण भरलेली नव्हती हे शिंप्याला आणि कार्यालयाला ठाऊक. जिभेलाही न लावलेल्या सॉसची पातळी पाववालीला कुठून ठाऊक?

४

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “शेजारणीने जळफळाटापोटी बरण्या उघडल्या. लिहा.”

“पण रविवारी ती घरात पडून होती. आणि शिंप्याची बरणी तर शनिवारपर्यंत काकूंच्या फळीवर होती.”

“मग काकूंच्या घरातल्याच कुणी तरी. ती सून.”

“सून शनिवारी दिवसभर दवाखान्यात असते. विचारून आले.”

“म्हणजे तुमच्याकडे उघडलेली बरणी आहे, पण उघडणारं कुणी नाही.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. “उद्या पाच वाजता मला एक नाव लागेल, नाहीतर काकूंचं नाव आहेच.”

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर काकूंकडून नमुना म्हणून आणलेली राखीव बरणी होती. साहेबांना निदान वास तरी दाखवावा, घाणा उत्तम आहे हे त्यांच्या नाकाला तरी पटावे, असे तिच्या मनात आले. तिने झाकण फिरवले.

आवाज आला नाही.

साहजिकच होते. गरम सॉस गार होताना आकसतो, आत पोकळी होते आणि झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो. पहिल्यांदा उघडताना हवा आत शिरते, तो भाग वर येतो, तोच टक् आवाज. तो एकदाच. सकाळी तिने स्वतःच ती उघडली होती, आता वाजणार कशी? शाळेतल्या पोरालाही कळेल.

तिने झाकण लावले. पुन्हा उघडले. शांत. पुन्हा लावले, पुन्हा उघडले.

“प्रयोगशाळा, झाकण खराब आहे का?” साहेबांनी आतून विचारले.

“नाही साहेब. झाकण अगदी चांगलं आहे.” तिचा हात झाकणावर तसाच थांबला होता. “दर शनिवारी वाजतं,” ती पुटपुटली.

“काय?”

“काकू म्हणाल्या, दर शनिवारी वाजतं. चार शनिवार ओळीने. एकच बरणी चार वेळा वाजू शकत नाही. म्हणजे ती एक बरणी नव्हती, चार होत्या. दर शनिवारी वेगळी. आणि आज मी उघडली ती पाचवी.”

साहेब दारात आले होते. “मग आधीच्या चार कुठे आहेत?”

“एक शिंप्याकडे फसफसली,” ती म्हणाली. “उरलेल्या तीन विकल्या गेल्यात. उघडलेल्या, कुणाच्या तरी कपाटात.”

५

शुक्रवारी सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात सहा माणसे होती. काकू, काका, सून, पंखा बंद आहे ना हे तपासून बसलेला शिंपी, रुमाल लावून खिडकीबाहेर उभी असलेली पाववाली, आणि तपासनीस. पाववालीला आत बोलावले तर ती म्हणाली, पडसे आहे, आणि काकू भांड्यांकडे बघत म्हणाल्या, खिडकीत जागा पुष्कळ आहे.

“काका,” तपासनिसाने विचारले, “रविवारी पेटी भरताना पहिली बरणी कुठली घेता?”

“पहिली? राखीव जागेवरची.”

काकूंच्या हातातली बशी ओट्यावर आदळली. फुटली नाही.

“अहो, काय म्हणालात?”

“अगं, ऐकून तर घे. राखीव म्हणजे फळीवर एक कायम शिल्लक पाहिजे. ती मी एक दिवस मोडली नाही. पण तीच ती बरणी महिनाभर ठेवली तर शिळी नाही का होणार? गोदामात राखीव साठा असाच फिरता ठेवतात. दर आठवड्याला राखीव पेटीत घालायची, तिच्या जागी मागची पुढे आणायची. सगळ्या एकाच कढईतल्या. फरक काय?”

“फरक मी सांगते,” तपासनीस म्हणाली. “शनिवारी काकू राखीव बरणी उघडतात. चमचाभर काढतात, झाकण लावतात, टोपी बांधतात. चमच्याबरोबर, हवेबरोबर यीस्ट आत जातं. ती बरणी विकायची नाहीच, म्हणून काकू निर्धास्त. रविवारी तुम्ही तीच बरणी पेटीत घालता आणि तिच्या जागी बंद बरणी ठेवता. पुढच्या शनिवारी काकू ती उघडतात, टक् वाजतं, आणि काकूंना वाटतं आपलं झाकण किती घट्ट.”

शिंपी हळूच म्हणाला, “म्हणजे माझी ती...”

“तुमची ती चौथी. शनिवारी उघडलेली, म्हणून चमचाभर कमी. रविवारपासून बुधवारपर्यंत गरम कपाटात राहिली.”

काका आणि काकू एकमेकांकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या खात्यात नाक न खुपसणारी दोन माणसे.

“राखीव बरणी उघडायचीच नसते का?” काकूंनी विचारले.

“नाही काकू. आम्लता घाणा भरतानाच नोंदायची. राखीव बरणी बंदच राहिली पाहिजे.”

“आणि फिरवायचीही नसते?” काकांनी विचारले.

“नाही काका.”

“आई जास्त काळजी घेतात, बाबा त्याहून जास्त घेतात,” सून म्हणाली. “मी चार वर्षं या घरात हेच बघतेय.”

काका खुर्चीत बसले. एवढ्या वेळात त्यांनी एकही लेबल सरळ केले नव्हते. “माझ्यामुळे झालं म्हणून लिहा,” ते म्हणाले. “हिचा कागद राहू द्या.”

“काका, अडचण तीन बरण्यांची आहे. त्या कुणाकडे आहेत हे कळलं नाही, तर साहेब म्हणतात लोकांच्या जिवाशी खेळ नको, परवाना रद्द. आठवून सांगा. बाजारात राखीव बरणी कुणाला जाते?”

“पेटीत पहिली ठेवलेली पहिली जाते. पहिल्या गिऱ्हाइकाला. गेल्या रविवारी हे शिंपीबुवा पहिले आले.”

“आणि त्याआधीचे तीन रविवार?”

काकांनी खाली पाहिले. “ते मी सांगू शकत नाही. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय.”

“अहो,” काकू म्हणाल्या, “माझा परवाना चाललाय.”

“माहीत आहे गं,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. पण तोंड मिटलेलेच राहिले.

६

तपासनिसाने खिडकीकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. एखाद्याच्या तोंडून वदवून घेण्यापेक्षा वाट पाहिलेली बरी, एवढे तिला तीन महिन्यांत कळले होते. तिने वही मिटली, पेनाला टोपण लावले आणि ओट्यावरच्या टाइल्स मोजल्या. बावीस होत्या.

खिडकीत एक शिंक झाली.

“मीच ती,” पाववाली म्हणाली.

 काकूंनी मान इतक्या सावकाश वळवली की सुनेने बशी उचलून दूर ठेवली.

“बाजार उघडायच्या आधी काकांकडून घ्यायचे,” पाववाली रुमालाआड सांगू लागली. “हिच्या कानावर घालायचं नाही अशी शपथ घातली होती. झाकण ढिलं असायचं, चमचाभर कमी असायचा. मला वाटायचं, माझ्यासाठी मुद्दाम ठेवतात.”

“जिभेला लावत नाहीस ना तू?” काकू म्हणाल्या. वर्षभरात पाववालीला उद्देशून बोललेले हे त्यांचे पहिले वाक्य.

“जिभेला नाही लावला. पावात भरला.”

“कशात?” तपासनिसाने पेनाचे टोपण काढले.

“भरल्या पावात. आत सॉस आणि चीज. माझा परवाना साध्या पावाचा आहे, ठाऊक आहे मला. पण साध्याचे वीस खपतात आणि भरल्याचे साठ. तिन्ही रविवार अख्खी बरणी तिथल्या तिथे संपवली. भरला पाव दहापर्यंत उरत नाही. लोक विचारतात, आत काय घालता. मी म्हणते, घरचं गुपित आहे.” तिने नाक पुसले. “घर कुणाचं ते सांगत नव्हते, एवढंच.”

तपासनिसाने भराभर लिहिले. शनिवारी उघडलेली, रविवारी दहाच्या आत संपलेली. यीस्टला वाढायला चार-पाच दिवस तरी हवेत, त्या तीन बरण्यांना चोवीस तासही मिळाले नव्हते. म्हणूनच तीन रविवार काही झाले नाही. चौथ्या रविवारी पाववालीला पडसे झाले, पहिले गिऱ्हाईक बदलले, आणि बरणीला हवे तेवढे दिवस मिळाले. आता बाहेर एकही बरणी नव्हती.

“हे लिहिलं तर तुमच्यावर कारवाई होईल,” ती पाववालीला म्हणाली. “परवान्यात नसलेला पदार्थ विकलात.”

“होऊ द्या. लिहा.” पाववालीने खिडकीचा गज धरला. “हिचा सॉस बंद झाला तर मी काय भरू? टोमॅटो कुस्करून? तीनदा करून पाहिलं. नाही जमत.”

शिंप्याने घसा साफ केला. “भरला पाव मी खाल्लाय,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांपूर्वी. आत टोमॅटो सॉस आहे एवढं चवीवरून कळलं. म्हणून तर या रविवारी सॉस घ्यायला सकाळीच आलो.”

 काकूंनी पाण्याचे पातेले शेगडीवर ठेवले. “आत ये,” त्या पाववालीला म्हणाल्या. “गरम पाणी पी. शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंक.”

पाच वाजायला दहा मिनिटे असताना अहवाल साहेबांच्या टेबलावर पोहोचला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“यात गुन्हेगार कोण?”

“कुणीच नाही, साहेब. दोघांनी आपापलं काम चोख केलं. फक्त एकमेकांना सांगितलं नाही.”

“पण कारणाच्या रकान्यात काय भरू? अस्वच्छता, भेसळ, अपुरी प्रक्रिया. छापील तीनच आहेत.”

“हाताने लिहा, साहेब.”

साहेबांनी पेन हातात घेतले, थोडा वेळ छताकडे पाहिले आणि लिहिले : काळजी, दुहेरी. मग सुधारण्याजोगी चूक असा शेरा मारून लेखी समज दिली. काकूंचा परवाना कायम. राखीव बरणीवर यापुढे कार्यालयाचे लाखेचे सील, म्हणजे काकू उघडणार नाहीत आणि काका हलवणार नाहीत. डगले काकूंनी धुवायचे. पाववालीला भरला पाव बंद करण्याची नोटीस, आणि हवा असेल तर नव्याने अर्ज.

सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दोघी बाकावर बसलेल्या होत्या. पाववालीचे पडसे गेले होते. भरल्या पावाच्या अर्जाला एक पुरवणी कागद जोडावा लागत असे : आतला पदार्थ दुसऱ्या परवानाधारकाकडून घेत असल्यास त्याची संमती, सही, आणि त्याच्याशी असलेले नाते.

“सही मी करीन,” काकू म्हणाल्या. “पण दर रविवारी सगळ्यांसमोर घ्यायची बरणी. अंधारात यायचं नाही.”

“येईन. ओळीत उभी राहीन. झालं समाधान?”

तपासनिसाने कागद पाववालीपुढे सरकवला. नात्याच्या रकान्यात तीन चौकोन होते : कुटुंबीय, भागीदार, इतर.

“भागीदार लिही,” काकू म्हणाल्या.

“भागीदार कशी? कोपऱ्याची जागा अजून ठरलेली नाही.”

“मग कुटुंबीय लिहितेस का?”

“तुझी सून ऐकेल ते भिंतीतून.”

पाववालीने ‘इतर’वर खूण केली. त्यापुढे ठिपक्यांची ओळ होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते, तपशील द्यावा. ती बराच वेळ पेन चावत बसली. काकूंनी कागदाकडे बघायचे नाही म्हणून खिडकीबाहेर बघायचे ठरवले होते आणि तिरप्या डोळ्याने कागदच पाहत होत्या.

मग पाववालीने लिहिले : सख्खी नाही, पण रोजची.

“हे चालेल का?” तिने विचारले.

तपासनिसाने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि शिक्का मारला.